आधी घाव

प्रार्थनामंदिरात प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली, 'जसे आम्ही आमच्या ऋण्यांस सोडले तसे तू आम्हांस सोड', की थोरली सून तोंड मिटायची. आधीच्या ओळी ती सगळ्यांबरोबर म्हणायची, पुढच्याही म्हणायची, मधली तेवढी एक सोडायची. तिचा आवाज भरदार, त्यामुळे तो थांबला की बायकांच्या अख्ख्या बाजूला कळायचं. मग मनात अढी ठेवून घ्यायचं नसतं ते प्रभुभोजनाचं ताट फिरायचं तेव्हाही ती भाकरीच्या तुकड्याला हात न लावता ताट शेजारणीकडे सरकवायची. नवरा गेल्याचं दुःख आहे, वेळ लागतो, असं बाया एकमेकींना सांगायच्या. बायांचं काय, कशालाही दुःख म्हटलं की त्यांचं काम भागतं. थोरलीला देवासमोर खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायला जीभ वळत नव्हती. म्हणून ती गप्प राहायची.

घर आरेकऱ्यांचं. अंगणाच्या कडेला पुरुषभर खोल खड्डा, त्यावर दोन आडवी लाकडं, त्यांच्यावर ओंडका. एक भाऊ ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात, आणि दोघांच्या मध्ये उभा लांबलचक आरा. वरच्याने वर ओढायचं, खालच्याने खाली ओढायचं. ढकलायचं कोणीच नाही. दुसरा ओढत असला की आपले हात सैल सोडायचे, नाहीतर पातं वाकतं. भांडून आलेल्या माणसांना हे काम होत नाही.

खालची जागा वाईट, सगळा भुसा तोंडावर येतो. खरं तर ती धाकट्या भावाची. पण धाकट्याचे डोळे भुशाने सुजायचे, चिघळायचे, म्हणून थोरल्याने, थोरलीच्या नवऱ्याने, वरची जागा त्याला देऊन टाकली आणि स्वतः डोळ्यांवर विरळ निळं फडकं बांधून जन्मभर खाली उभा राहिला.

कापत कापत थोडं अंतर आलं की ओंडका पुढे सरकवावा लागतो. त्यासाठी तो धरून ठेवणारे लोखंडी आकडे उपटायचे, ओंडका सरकवायचा, आकडे पुन्हा ठोकायचे. तेवढा वेळ खालच्याने भिंतीशी अंग चोरून उभं राहायचं. वरच्याने घाव घालून आकडा बसवला की तो म्हणणार, "बसला." खालचा म्हणणार, "आलो," आणि मगच ओंडक्याखाली येणार. त्यांच्या आजोबांपासूनची ही रीत. खालच्याला वरचं काही दिसत नाही, त्याला तो शब्द तेवढा ऐकू येतो.

मागच्या वर्षी थोरला "आलो" म्हणून ओंडक्याखाली आला आणि ओंडका फिरला, घसरला, त्याच्या छातीवर बसला. लाकूड आतून किडलेलं असणार, आकडा धरला नसणार, असं सगळे म्हणाले. धाकट्याने हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. पण थोरली तेव्हा नवऱ्याचं जेवण घेऊन अंगणात शिरत होती. तिने दिराचा शब्द ऐकला होता. त्याच्या आधी घाव ऐकला नव्हता.

हे तिने कोणालाही सांगितलं नाही. तो आपण होऊन सांगेल म्हणून ती वाट बघत राहिली. प्रार्थनामंदिरात लोक त्याच्या पाठीवर हात ठेवून धीर द्यायचे, तो मान खाली घालून धीर घ्यायचा, आणि पलीकडून बघताना तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत. त्याचा खोकला तिला ऐकू यायचा, तिची भांडी त्याला ऐकू जायची. बोलणं मात्र वर्षभरात एका शब्दाचं झालं नव्हतं.

यंदा पावसाळा तोंडावर असताना वादळ आलं. प्रार्थनामंदिराचं छप्पर गेलं, आढं मधोमध मोडलं आणि आवारातलं जुनं झाड मुळासकट आडवं झालं. देवाने एका हाताने छप्पर नेलं आणि दुसऱ्या हाताने लाकूड दिलं, असं पाळकसाहेब म्हणाले. छप्पर राहू दिलं असतं तर त्याचे दोन्ही हात मोकळे राहिले असते, असं थोरलीची सासू म्हणाली. वखारीतल्या मशिनला एवढी लांबी पेलत नव्हती. तेव्हा मंडळींनी साखळदंड लावून ते खोड आरेकऱ्यांच्या खड्ड्यावर ओढत आणलं. मधोमध चिरायचं, एक फाक आढ्याला, दुसरीतून वासे. पावसाच्या आत झालं तर ठीक, नाहीतर भिजलेल्या मातीच्या भिंती उभ्या राहणार नव्हत्या.

धाकटा भावाच्या मरणापासून वखारीत फळ्या वाहत होता. आऱ्याला त्याने हात लावला नव्हता. पाळकसाहेब विचारायला आले तेव्हा तो खड्ड्यापाशी गेला.

"वर मी उभा राहतो," तो म्हणाला. "खाली कोण?"

खाली पहिल्यांदा लोहार उतरला. रोज घण उचलणारा गडी, आरा म्हणजे काय मोठंसं, अशा तोऱ्यात उतरला आणि दर खेपेला वर ढकलायला लागला. पातं चिरेत अडकलं.

"फक्त ओढा. वर मी नेतो," धाकटा म्हणाला.

"मदत करतोय तुला," लोहार खालून म्हणाला.

"मदत नको. हात सोडा."

"सोडलं तर ओढू कधी?"

त्याच्यानंतर शिंपी उतरला, ज्याला सगळं गाव मोजपट्टी म्हणायचं. त्याचा हात हलका, ताल त्याला लवकर जमला, पण डोळ्यांत भुसा गेला की तो आरा सोडून दोन्ही हातांनी डोळे चोळायचा. पातं काजळीने आखलेल्या रेघेवरून बोटभर सरकलं तेव्हा त्याला वर बोलावलं. "कापाकापी माझीही रोजचीच आहे," तो शर्ट झटकत म्हणाला, "पण कापड कधी तोंडावर थुंकत नाही." जमलेले लोक हसले. धाकटा रेघेकडे बघत राहिला.

थोरली दारातून हे सगळं बघत होती. आणखीही एक गोष्ट तिने बघितली. ओंडका सरकवला की धाकटा आकड्यावर घावावर घाव घालायचा, पायाने हलवून बघायचा, मग पोटावर पालथा पडून खालच्याला हाताने खूण करायचा. तो शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही.

दुपारी सासू धान्य निवडत बसली होती. हातातलं सूप थांबवून ती म्हणाली, "थोरले, आभाळ बघितलंस?"

"बघितलं."

"या घरात खालून आरा ओढता येणारं एकच माणूस उरलंय."

हे खरं होतं. एकदा धाकटा तापाने पडला होता, काम अडलं होतं, तेव्हा थोरला वर चढला आणि थोरली खाली उतरली. हातांची सालपटं निघाली होती, पण फळ्या सरळ निघाल्या होत्या.

"मी उतरणार नाही, आई."

"आऱ्यासाठी नाही, की त्याच्यासाठी नाही?"

म्हातारीने एक खडा वेचून बाहेर फेकला.

"दोन लेक होते मला. एक गेला. दुसरा आहे, पण ताटावर बसला की पाण्याबरोबर घास ढकलतो. तू गप्प, तो गप्प. मी कोणाशी बोलू, या सुपाशी?"

"तुम्हाला सगळं माहीत नाही."

"नको मला माहिती. या वयात आणखी एक ओझं कुठे ठेवू मी?" असं म्हणून म्हातारी पुन्हा पाखडायला लागली, पण निम्मं धान्य जमिनीवर सांडत होतं.

संध्याकाळी नळावर जाऊबाई भेटली. धाकटी, धाकट्याची बायको. घागर भरली तरी ती नळ बंद करेना.

"ताई, एक विचारू? हे झोपेत बोलतात. एकच शब्द. बसला, बसला, असं म्हणतात आणि दचकून उठतात. काय बसला विचारलं तर भिंतीकडे तोंड करतात." तिने नाक ओढलं. "तुम्हाला काही कळतं का?"

"पाणी वाया जातंय," थोरली म्हणाली आणि नळ बंद केला. घरी येईपर्यंत तिची घागर दोनदा हिंदकळली आणि साडी गुडघ्यापर्यंत भिजली.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. गुडघेदुखीचा माणूस. बसायला जागा शोधताना ओंडक्यावर टेकले आणि तिथे ठेवलेल्या कानशीवरून चटकन उठले. मग उभेच राहिले.

"मी आढ्यासाठी आलोय असं तुम्हाला वाटेल," ते म्हणाले.

"मग कशासाठी आलात?"

"आढ्यासाठीच. खोटं कशाला बोलू." त्यांनी कानस उचलून बाजूला ठेवली. "पण एक विचारायचं वर्षभर राहून गेलंय. ती ओळ तुम्ही म्हणत नाही. का ते मी विचारत नाही. फक्त मी ऐकतो, एवढं सांगायचं होतं. मी ऐकतो तर देवालाही ऐकू जात असणार."

थोरलीने पायाने भुसा सारखा केला. मग विचारलं, "क्षमा केली म्हणजे काय, काही झालंच नाही असं म्हणायचं?"

"नाही. झालं असंच म्हणायचं. झालंच नसेल तर क्षमा कशाची करणार?"

"आणि ज्याने केलं तो तोंड उघडत नसेल तर?"

पाळकसाहेबांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग धाकट्याच्या दाराकडे बघितलं. "ते मला ठाऊक नाही, बाई," ते म्हणाले. "मला एवढंच दिसतं की तुम्ही दोघंही वाळत चाललाय." आणि गुडघा धरत फाटकाकडे गेले. उपदेश केला असता तर तिला चिडता आलं असतं. आता चिडायलाही कोणी उरलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फटफटल्यावर ती खड्ड्याच्या काठावर जाऊन बसली. पाय आत सोडले. नवऱ्याच्या मरणानंतर ती तिथे बसली नव्हती. देवाशी ती नेहमी चारचौघांतल्या प्रार्थनेच्या भाषेत बोलायची, आज घरच्या भाषेत बोलली.

"तू सुताराच्या घरचा," ती म्हणाली. "लाकूड काय असतं ते तुला सांगायला नको. तुला ज्यावर टांगलं ते लाकूडही कोणीतरी कापलं असेल. त्या माणसांनाही तू सोडून दिलंस. तू सोडलंस, कारण तू मोठा. माझी मूठ उघडत नाही. माझा नवरा दिवसभर भुसा खायचा याचे डोळे वाचावे म्हणून, आणि याने त्याला असा मारला, आणि लोक याचीच पाठ थोपटतात. मी कसं म्हणू तुझ्यासमोर की मी सोडलं? मी नाही सोडलं. बघ, हे असं आहे."

आभाळात काळे ढग तसेच साचलेले होते. पण आपलं म्हणणं कोणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही, समजूत घातली नाही, असं तिला वाटलं. वर्षभरात तिचं एवढं कोणी ऐकलं नव्हतं. ती रडायला लागली आणि मनसोक्त रडली. उठली तेव्हा अंग हलकं नव्हतं झालं, पण पायांत जोर होता. ती घरात गेली, खुंटीवरचं निळं फडकं काढलं आणि कपाळाला बांधलं.

धाकटा आऱ्याच्या दात्यांना कानस मारत होता. तिला शिडीवरून खड्ड्यात उतरताना बघून त्याचा हात थांबला. तो ओंडक्यावर चढला आणि आऱ्याची खालची मूठ तिच्यापर्यंत सोडली.

पहिले काही हात खरखरीत गेले. मग पातं सुटलं. त्याने ओढलं की ती सैल सोडायची, तिने ओढलं की तो सोडायचा. तोंडाचं बोलणं बंद असलेली दोन माणसं, पण आऱ्याला ते ठाऊक नव्हतं. भुसा तिच्या मानेवर, ब्लाउजच्या गळ्यात, ओठांवर पडत राहिला. त्याला ओल्या लाकडाचा आंबूस वास होता. नवऱ्याच्या कपड्यांना यायचा तोच. दंड भरून आले, तळहाताला फोड आले, एक फुटला, मुठीला ओल लागली. वर सासू आणि धाकटी अंगणात येऊन उभ्या राहिल्या, थोड्या वेळाने आत गेल्या. त्यांच्याच्याने बघवेना.

ओंडका सरकवायची वेळ आली. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. आकडे उपटल्याचा आवाज आला, ओंडका करकरत पुढे गेला, वरून माती पडली. मग घाव. एक, आणखी एक, कितीतरी. मग त्याचा हात खाली आला आणि त्याने खूण केली. ती त्या हाताकडे बघत राहिली. मनात प्रभूचं नाव घेऊन ती ओंडक्याखाली आली, आणि पहिला हात ओढेपर्यंत तिने श्वास घेतला नाही.

असं आणखी दोनदा झालं. दर वेळी घाव, दर वेळी खूण. दुपार कलली तेव्हा पातं खोडाच्या मध्यावर आलं होतं, जिथून पुढे ते आणखी जाड आणि आणखी जड होत जात होतं. ढग इतके खाली आले की खड्ड्यात अंधारून आलं. वारा पडला. सरकवलेल्या ओंडक्यावर त्याने घाव घातले, पण बुंध्याकडचं लाकूड ओलं, लोखंड धरेना. घाव थांबले. ती भिंतीशी उभी. वरून हात आला असेल, नसेल, तिला दिसत नव्हतं.

"खूण दिसत नाही," ती म्हणाली. वर्षभरातलं त्याच्याशी पहिलं वाक्य. "तोंडाने सांगा."

वर घण लाकडावर टेकल्याचा आवाज आला.

"भावजी, बसला का?"

"वहिनी, तुम्ही वर या." त्याचा आवाज फाटला होता. "मला नाही म्हणता येत तो शब्द."

"का?"

तो ओंडक्यावर पालथा झाला असावा, कारण आवाज जवळून आला. "त्या दिवशी मी आधी बोललो. घाव मागून घालणार होतो. हात उचलला होता, घण वर होता, आणि दादा आलासुद्धा. लाकूड किडलेलं नव्हतं. मीच."

खड्ड्यात भुशाचा थर तिच्या पोटऱ्यांपर्यंत आला होता. ती त्यात उभी होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी फाटकात होते. मी ऐकलं."

वरून थोडा भुसा खाली गळला. मग तो म्हणाला, "मग तुम्ही कोणाला का नाही सांगितलं?"

"तुम्ही सांगाल म्हणून."

"माझ्याच्याने झालं नाही. लोक पाठीवर हात ठेवायचे तेव्हा वाटायचं, आता ओरडून सांगावं. मग वाटायचं, आईला कळेल."

"आधी का बोललात?" हे विचारताना तिचा आवाज चढला. "काय घाई होती?"

"काही नाही. सवय लागली होती. हात वर जाता जाता बोलून टाकायचो. किती वेळा तसं केलं आणि काही झालं नाही. दादा एकदा म्हणाला होता, आधी घाव घाल, मग बोल. मी हसलो होतो."

वर्षभर तिने मनात मोठमोठी कारणं रचली होती. घराच्या वाटणीवरून मनात आलं असेल, भावाचा हेवा वाटला असेल, भांडण झालं असेल जे तिला माहीत नाही. कारण एवढंच होतं. एक आळशी सवय. तिला वाटलं आता किंचाळावं, आणि त्याच वेळी तिला त्या वर पालथ्या पडलेल्या माणसाची दया आली. हे दोन्ही एकदम कसं येतं ते तिला कळेना.

"मला तुमचा राग आहे," ती म्हणाली. "आजही आहे."

"असू दे, वहिनी. असायलाच हवा."

"तुम्ही खाली या. मी वर जाते."

शिडीपाशी दोघं समोरासमोर आले. तिने कपाळावरचं निळं फडकं सोडलं आणि त्याच्या हातात दिलं. "डोळ्यांवर बांधा. चिघळले तर तुमची बायको मला बोलेल."

त्याने ते हातात घेतलं, ओळखलं आणि बांधताना त्याला गाठ मारता येईना. शेवटी तिनेच मारली.

वर चढून तिने घण उचलला. खाली बघितलं तर तो भिंतीशी नव्हता, ओंडक्याच्या बरोबर खाली येऊन उभा होता.

"भिंतीशी व्हा."

"तुम्ही नुसतं म्हणा, वहिनी. घाव नका घालू. मी इथेच आहे."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. आकडा सैल होता. ओंडक्याला गुडघ्याने रेटा दिला असता तरी पुरलं असतं. वरून फक्त निळं फडकं आणि वाकलेली मान दिसत होती, आणि ती मान हुबेहूब तिच्या नवऱ्याची होती. तो देणं चुकवायला उभा होता. आणि एक क्षण, ती स्वतःशी खोटं बोलणार नव्हती म्हणून मान्य करायला हवं, एक क्षण तिच्या मनात ते आलं. आलं, आणि तिला स्वतःची भीती वाटली. आपल्याही हातात घण आहे, आपलाही हात वर आहे, हे तिला दिसलं.

"प्रभू, माझा हात धर," ती मोठ्याने म्हणाली. मग खाली वाकून ओरडली, "भिंतीशी व्हा म्हणते ना. या घरातलं आणखी एक माणूस मी या खड्ड्यातून काढणार नाही. आईच्या डोळ्यांना काय दाखवू?"

तो मागे सरला. फडक्याखालून त्याचे गाल ओले झालेले दिसत होते.

तिने ओली जागा सोडून आकडा वीतभर पुढे, कोरड्या लाकडावर धरला. पहिला घाव निसटला. दुसरा बसला. तिसऱ्याला लोखंडाचा आवाज बदलला, पोकळ होता तो भरीव झाला. तरी तिने आणखी घातले. दुसऱ्या बाजूचाही ठोकला. ओंडक्यावर उभी राहून पूर्ण अंगभार टाकला, टाच आपटली. ओंडका जागचा हलला नाही. आता फक्त शब्द उरला होता. एका शब्दावर तिचा नवरा गेला होता. दीर खाली वाट बघत होता. घाव त्याने ऐकले होते, पण तो हलला नाही.

"बसला," थोरली म्हणाली.

"आलो," खालून आवाज आला, आणि तो ओंडक्याखाली आला.

वरून आरा धरायची तिला सवय नव्हती. काजळीच्या रेघेवरून पातं घसरायचं, तो खालून सांगायचा, "उजवीकडे घ्या, थोडं," आणि ती घ्यायची, जास्तच घ्यायची. मध्यावर चीर चांगली वाकडी गेली. पण गेली. अंधार पडायच्या आत खोडाच्या दोन फाका झाल्या. लोहार आणि मोजपट्टी ताडपत्री घेऊन धावत आले तेव्हा टपटप सुरू झाली होती, आणि भुशाने माखलेली दोन माणसं खड्ड्याच्या काठावर एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलेली त्यांना दिसली.

त्याच संध्याकाळी धाकट्याने आईला सांगितलं. थोरली आणि धाकटी दारात उभ्या होत्या. म्हातारीने सगळं ऐकलं. मग तिने त्याला जवळ ओढलं आणि पदराच्या टोकाने त्याच्या पापण्यांतला भुसा काढायला लागली, एकेक कण. धाकटीने भिंतीला डोकं टेकलं. थोरली चूल पेटवायला बसली, कारण कोणीतरी स्वयंपाक करायला हवा होता.

पाऊस दोन दिवस थांबला आणि तेवढ्यात आढं चढलं. त्यावर निम्मे वासे पडले, निम्म्यावर ताडपत्री. रविवारी मंडळी आत शिरली आणि सगळ्यांच्या माना वर गेल्या. मधोमध आढ्याला बाक होता.

"मध्ये पोट सुटलंय त्याचं," मोजपट्टी म्हणाला.

"तुझ्यापेक्षा कमीच आहे," सासूने त्याला सांगितलं आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसली. प्रार्थनेच्या आधी धाकटा उभा राहिला आणि मंडळींसमोर त्याने सांगितलं की लाकूड किडलेलं नव्हतं. चार वाक्यांत सांगितलं. मग लोहाराने सरकून आपल्या शेजारी त्याला जागा केली, आणि पाळकसाहेबांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, कारण त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

क्षमेची ओळ आली. थोरलीने तोंड मिटलं. शेजारणीने खाली बघितलं. सगळ्यांनी ती ओळ म्हटली, पुढच्या ओळीला सुरुवातही केली, आणि तेवढ्यात मागे राहिलेली ती ओळ एका भरदार आवाजात एकटीच आली, अडखळत, पण शेवटच्या शब्दापर्यंत. बाकीचे आवाज थांबले.

पुरुषांच्या बाजूने कोणीतरी हळूच म्हणालं, "आलो."

पाळकसाहेबांना त्याचा अर्थ कळला नाही. त्यांनी घसा साफ केला आणि पुढची ओळ सगळ्यांकडून पुन्हा म्हणवून घेतली.

मग ताट फिरलं. थोरलीच्या हातात आलं तेव्हा वरून, नव्या आढ्यातून, बारीक भुसा त्यात पडला होता. शेजारणीने फुंकर मारायला तोंड पुढे केलं, पण थोरलीने तिला हाताने थांबवलं. एक तुकडा उचलला आणि तसाच तोंडात टाकला.